एकाच छताखाली इतके वेगवेगळे पगार, हे ठरवतं कोण आणि कशावरून?

सांजसावली (धागाकर्ती)
मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये पगारपत्रकाचं काम बघते. कुठलं हॉस्पिटल, कोणाला किती, हे इथे लिहिणार नाही आणि कृपया कोणी विचारूही नका. पण दर महिन्याला सगळ्या डिपार्टमेंटच्या शीट एकापाठोपाठ एक डोळ्यासमोरून जातात आणि एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतेय.

सिनियर सर्जनला वॉर्डबॉयपेक्षा कितीतरी जास्त का, यावर मला चर्चा नकोय. माझा प्रश्न आडव्या फरकाचा आहे. म्हणजे शिक्षणाची वर्षं जवळपास सारखी, अनुभव सारखा, कामाचे तास तेवढेच किंवा थोडे जास्तच, आणि तरी एका डिपार्टमेंटचा माणूस दुसऱ्याच्या दीडपट दुप्पट घेतो. आमच्याकडे फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, डाएटिशियन, लॅबवाले हे सगळे एका पट्टीत आहेत आणि आयटी, मार्केटिंग, फायनान्समधले दोन-तीन वर्षांचे लोक त्यांच्या वर. आयसीयूत रात्रपाळी करणाऱ्या अनुभवी सिस्टरचा आकडा आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मुलाचा आकडा शेजारी ठेवला की मला खरंच समजत नाही. एचआरला विचारलं तर एकच उत्तर, मार्केट रेट. हा मार्केट रेट नक्की कोण ठरवतं? तुमच्या ऑफिसात, कारखान्यात कसं आहे? अनुभव लिहा, आणि ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरा उलगडून सांगा.

आकडेमोड
चांगला धागा. मार्केट रेट हे उत्तर चूक नाहीये पण अर्धवट आहे. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच वेगवेगळ्या कामांचे पगार वेगळे का याची पाच कारणं दिली होती. काम किती त्रासाचं किंवा कमी प्रतिष्ठेचं आहे, शिकायला किती वेळ आणि खर्च लागतो, काम बारमाही मिळतं की अधूनमधून, माणसावर किती विश्वास टाकावा लागतो, आणि त्या धंद्यात यश मिळण्याची शक्यता किती. आता या पाचांवर तुमची आयसीयूची सिस्टर ताडून बघा. त्रास जास्त, शिक्षण बरंच, विश्वास तर अख्ख्या जिवाचा. म्हणजे या हिशोबाने तिचा पगार वर जायला हवा आणि तो जात नाही, मग कुठेतरी दुसरं काहीतरी काम करतंय.

ते दुसरं म्हणजे नोकरी सोडून जायची सोय. बिलिंग सॉफ्टवेअरवाला उद्या बँकेत, विमा कंपनीत, शाळेत, फॅक्टरीत कुठेही जाऊ शकतो, त्याचं कौशल्य सगळीकडे चालतं, त्यामुळे हॉस्पिटलला त्याच्यासाठी सगळ्या जगाशी स्पर्धा करावी लागते. नर्स गेली तर दुसऱ्या हॉस्पिटलातच जाणार, आणि एका भागात मोठी हॉस्पिटलं असतात मोजकी, ती एकमेकांचे दर बघूनच आपले ठरवतात. घेणारे कमी असले की दर दबतो, मग काम कितीही मोलाचं असो. म्हणजे एचआर ज्याला मार्केट म्हणतंय ती एका छताखाली दोन वेगळी मार्केटं आहेत, एक मोठं आणि एक अगदी छोटं.

रात्रपाळी
मी नर्स आहे, बरीच वर्षं झाली. सांजसावली ताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आधी मनापासून धन्यवाद, कारण आमच्यातलं कोणी बोललं की लगेच युनियनबाजी म्हणतात.

मला आयटीच्या मुलाबद्दल काहीच राग नाही, सिस्टिम बंद पडली की आमचीच वाट लागते आणि तो बिचारा रात्री दोनला फोन उचलतो. मला फक्त एवढं विचारायचंय की जबाबदारी मोजतात कशी? त्याच्या हातून चूक झाली तर बरेचदा मागे जाऊन दुरुस्त करता येते, माझ्याकडून इन्फ्युजन पंपाचा, म्हणजे शिरेतून औषध सोडणाऱ्या यंत्राचा, वेग चुकला तर मागे जाता येत नाही. डॉक्टर येईपर्यंतच्या त्या काही मिनिटांत पेशंटचा श्वास बदललाय हे ओळखणं, नातेवाइकांना सांभाळणं, एक पेशंट गेला की पाच मिनिटांत दुसऱ्याजवळ चेहरा नीट करून उभं राहणं, हे कुठल्या अप्रेझल फॉर्मवर असतं? आमच्या फॉर्मवर वक्तशीरपणा आहे, गणवेश आहे, हे नाही.

आणि नाइट. सलग नाइट केल्यावर शरीराचं काय होतं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत, झोप मोडते, पित्त वाढतं, पाळी बिघडते, मुलांच्या शाळेच्या मिटिंगा चुकतात ते वेगळंच.

कोडकरी
त्या बिलिंगवाल्या मुलाच्या बाजूने थोडं लिहितो कारण मी तोच प्रकार आहे. पगार चांगला आहे हे मान्यच. पण शिकलेलं चार-पाच वर्षांत जुनं होतं, रात्री स्वतःच्या वेळात परत शिकावं लागतं, आणि कंपनीचं एक क्वार्टर वाईट गेलं की पहिली यादी आमची निघते. त्या अनिश्चिततेचे पैसे त्या आकड्यात असतात.

आणि आयटी म्हणजे सगळे सारखे असं नाही, आमच्या आत पण ही उतरंड आहेच. डेव्हलपर वर, टेस्टर खाली, सपोर्ट त्याच्याही खाली. आमच्या टीममध्ये एक टेस्टर आहे, तिने रिलीजच्या आधी पकडलेल्या चुका गेल्या असत्या तर कस्टमर सोडून गेला असता, पण तिच्या कामाचं यश म्हणजे काहीच न घडणं, आणि काहीच न घडल्याचे पैसे मागायचे कसे? माझं फीचर डेमोत दिसतं. सपोर्टवाले दिवसभर चिडलेल्या लोकांशी शांतपणे बोलतात, ते मला एक आठवडाही जमणार नाही.

अजून एक, जो नवीन येतो तो आजच्या दराने येतो आणि जो जुना आहे तो जुन्या पगारावर दरवर्षी थोडं थोडं चढत राहतो. त्यामुळे दोन पदांमधला जो फरक दिसतो तो निम्मा कोण कधी जॉइन झालं याचाही असतो.

मोगरी
+१ टेस्टरबद्दल. आमच्या शाळेत लायब्ररियनचं तेच. पुस्तकं जागेवर असली की कोणाला दिसत नाही.

जुना_फिटर
मी कारखान्यात आयुष्य काढलं, आता रिटायर. या विषयावर बोलताना फोर्डच्या डॅगनहॅम कारखान्याची गोष्ट माहीत असायलाच हवी. १९६८ साल, इंग्लंड. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायका. कंपनीने सगळ्या कामांचं नव्याने ग्रेडिंग केलं आणि यांना बसवलं बी ग्रेडमध्ये, म्हणजे जवळजवळ अकुशल, आणि वर बाई म्हणून त्या ग्रेडच्या पुरुषाच्या दराचे ८५ टक्केच. आता सीटचं कव्हर शिवायला मशीनवर किती हात बसलेला लागतो, कंपनी त्यांना नोकरीवर घेताना शिवणाची परीक्षा घ्यायची! परीक्षा घेऊन घ्यायचं आणि मग कौशल्य नाही म्हणायचं. त्या संपावर गेल्या, सीट नाही तर गाडी नाही, तीन आठवड्यांत अख्खं प्रॉडक्शन अडलं. मंत्री बार्बरा कॅसल यांना मध्ये पडावं लागलं आणि दर ९२ टक्क्यांवर आला. त्यातूनच पुढे तिथला १९७० चा समान वेतन कायदा आला.

पण लोक इथेच गोष्ट थांबवतात. त्या बायकांची मूळ मागणी ग्रेडची होती, आमचं काम कुशल माना अशी, आणि ती मान्य झाली १९८४ मध्ये, पुन्हा एक संप केल्यावर. मधे सोळा वर्षं गेली. पैसे थोडे वाढवून देणं मालकाला त्यामानाने सोपं असतं, काम वरच्या दर्जाचं आहे हे कागदावर मान्य करणं फार जड जातं.

आमच्याकडे पण ग्रेडिंगची कमिटी बसायची. वजन किती उचलतो याला गुण, उष्णता, आवाज याला गुण. इन्स्पेक्शनला दिवसभर भिंगाखाली डोळे घालून बसणाऱ्या मुली होत्या, डोळ्याच्या ताणाला रकानाच नव्हता. कमिटीत त्यांचं कोणी नव्हतं एवढं साधं कारण.

पगाररेषा
मी एचआरमध्ये याच विषयात काम करतो, कॉम्पेन्सेशन. आतून कसं चालतं ते सांगतो, थोडं लांबेल.

मोठ्या संस्थांमध्ये आधी जॉब इव्हॅल्युएशन होतं. माणसाला गुण देत नाहीत, खुर्चीला देतात. एडवर्ड हे नावाच्या अमेरिकन सल्लागाराची पद्धत अजून सगळ्यात जास्त वापरात आहे, त्यात मुख्य तीन गोष्टी बघतात, त्या खुर्चीला ज्ञान किती लागतं, प्रश्न किती अवघड सोडवावे लागतात आणि निर्णयाचा परिणाम किती मोठा. गुणांवरून ग्रेड ठरते. मग बाकीच्या संस्था काय पगार देतात याचा सर्व्हे विकत घेऊन त्या ग्रेडला बाहेर काय मिळतं ते बघतात आणि त्याभोवती एक बँड आखतात, खालचं टोक, मधला आकडा, वरचं टोक.

ऐकायला शास्त्रीय आहे, पण ते घसरतं कुठे ते सांगतो. परिणाम मोजताना बहुतेक ठिकाणी पैशातला परिणाम मोजतात, किती बजेट हाताखाली, किती विक्री. त्यामुळे सेल्स आणि फायनान्सला गुण आपोआप पडतात आणि रात्रपाळी ताईंनी लिहिलेल्या इन्फ्युजन पंपाला पडत नाहीत, कारण त्या पंपाचं बजेट त्यांच्या नावावर नाही. दुसरं, जॉब डिस्क्रिप्शन डिपार्टमेंट हेड लिहितो. ज्या हेडला लिहिता बोलता येतं त्याच्या डिपार्टमेंटची कामं कागदावर भारी दिसतात. नर्सिंगच्या डिस्क्रिप्शनमध्ये मी स्वतः "डॉक्टरांच्या सूचनांचं पालन" हे पहिलं वाक्य म्हणून वाचलंय, तिथेच अर्धे गुण गेले. तिसरं म्हणजे एखादं कौशल्य दुर्मिळ असताना त्याला वरून जादा भत्ता देतात, तात्पुरता म्हणून, आणि दुर्मिळता संपली तरी तो भत्ता कोणी काढत नाही, काही वर्षांनी तो मूळ पगारात मुरतो आणि मग सगळे म्हणतात या पदाचा रेटच हा आहे.

आणि हॉस्पिटलं एकमेकांचे दर बघून आपले ठरवतात हे आकडेमोड बरोबर बोलले. सर्व्हे म्हणजे बाकीच्यांनी जे दिलं त्याची सरासरी. सगळ्यांनीच नर्सला कमी दिलं असेल तर सर्व्हे तेच कमी प्रमाण म्हणून परत देतो.

यावर उपाय झालेले आहेत पण. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत २००४ च्या शेवटी नवीन रचना आली, डॉक्टर, डेंटिस्ट आणि अगदी वरचे मॅनेजर सोडून बाकी सगळ्यांची कामं एकाच मापाने मोजायची. त्यात १६ घटक आहेत आणि भावनिक ताण, मानसिक ताण, शारीरिक श्रम, कामाची परिस्थिती यांना वेगळे रकाने आहेत. रात्रपाळी ताई, तुमचं "चेहरा नीट करून उभं राहणं" तिथे गुणांत धरलं जातं.

रात्रपाळी
हे वाचून डोळे भरून आले. म्हणजे हे मोजता येतं. आम्हाला कायम सांगितलं जातं की सेवेचं मोल पैशात होत नाही.

स्पष्ट_बोलणारा
सगळं ठीक पण एक बाजू सुटतेय. संस्था चालवायची तर पैसा कुठून येतो हे बघावंच लागतं. सगळ्यांना सारखं केलं तर अवघड कोर्स कोण करेल, रात्रंदिवस अभ्यास करून कोण वर जाईल? माझा छोटा व्यवसाय आहे. अकाउंटंट आणि डिझायनर दोघं माझ्यासाठी तितकेच महत्त्वाचे आहेत पण डिझायनर गेला तर महिनाभर दुसरा मिळत नाही, मी त्याला जास्त देतो, यात अन्याय काय?

आकडेमोड
@स्पष्ट_बोलणारा, सारखं करा असं धाग्यात कोणीच म्हटलेलं नाही. स्पेनच्या बास्क भागातल्या मोंड्रागॉनच्या सहकारी कंपन्यांमध्येसुद्धा फरक आहेच, सगळ्यात वरचा पगार सगळ्यात खालच्याच्या साधारण सहापटीपर्यंत ठेवतात, आणि कारखाने, बँक सगळं चालतं. तुम्ही डिझायनरला जास्त का देता ते एका वाक्यात सांगू शकलात, अकाउंटंटने विचारलं तर त्यालाही सांगू शकाल. धागाकर्तीला तेच मिळालेलं नाही.

अजून एक गोष्ट तुमच्या मुद्द्याला आडवी जाते. अमेरिकेच्या १९५० ते २००० च्या जनगणनेच्या आकड्यांवर एक अभ्यास २००९ मध्ये आला, त्यात असं दिसलं की एखाद्या व्यवसायात बायकांचं प्रमाण वाढलं की पुढच्या काळात त्या व्यवसायाचा पगार घसरतो, शिक्षण, कौशल्य धरूनसुद्धा. म्हणजे काम तेच, अवघडपणा तोच, करणारे हात बदलले की दर बदलतो. हा मागणी-पुरवठा नाही. सांजसावलींची खालची पट्टी परत वाचा, फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, डाएटिशियन, नर्स.

तळटीप
त्या खालच्या पट्टीतल्या स्पीच थेरपिस्टवरून आठवलं, हुबेहूब हीच केस युरोपच्या कोर्टापर्यंत गेली आहे. एंडरबी नावाच्या ब्रिटिश स्पीच थेरपिस्टने म्हटलं की माझं काम फार्मासिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या तोडीचं आहे, मग पगार कमी का. समोरून उत्तर असं की त्यांची वाटाघाट वेगळ्या टेबलावर झाली, तुमची वेगळ्या, म्हणून आकडे वेगळे. १९९३ मध्ये कोर्टाने सांगितलं की एवढंच कारण पुरेसं नाही, एका बाजूला जवळजवळ सगळ्या बायका आणि दुसऱ्या बाजूला मुख्यतः पुरुष असतील तर फरकाचं खरं कारण मालकाने सिद्ध करायचं.

त्याआधी १९८८ मध्ये ज्युली हेवर्ड. ब्रिटनमधल्याच जहाजबांधणीच्या यार्डात कँटीनची स्वयंपाकीण, तिने आपलं काम त्याच यार्डातल्या रंगारी, सुतार आणि इन्सुलेशन करणाऱ्याशी ताडून बघायला लावलं आणि जिंकली. कंपनीचं म्हणणं होतं की तिला जेवण आणि आजारपणाची रजा चांगली मिळते, सगळं मिळून बरोबरी होते. कोर्ट म्हणालं नाही, मूळ पगाराची तुलना मूळ पगाराशीच.

आपल्याकडे १९८२ चा रणधीर सिंग निकाल लोक सांगतात, दिल्ली पोलिसातल्या ड्रायव्हरला दुसऱ्या खात्यांतल्या ड्रायव्हरइतका पगार द्या असा. महत्त्वाचा निकाल आहे, पण तिथे दोन्हीकडे ड्रायव्हरच होते. वेगळी कामं पण सारखं मोल, ही मागणी त्याच्या पुढची आहे आणि सिद्ध करायला अवघड. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५१ च्या १०० क्रमांकाच्या करारात स्त्री-पुरुषांसाठी ती सारख्या मोलाची भाषा आहे.

आणि दुर्लक्ष केलं तर काय होतं त्याचं उदाहरण इंग्लंडमधली बर्मिंगहॅमची महापालिका. कचरा उचलणारे, रस्त्याची कामं करणारे पुरुष यांना बोनस, आणि त्याच ग्रेडच्या सफाई, स्वयंपाक, रुग्णसेवा करणाऱ्या बायकांना नाही. नोकरी सोडून गेलेल्यांनाही उशिरा दावा लावता येईल असं २०१२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं. २०२३ मध्ये त्या महापालिकेला नवीन खर्च बंद करायची नोटीस काढावी लागली, आणि या थकबाकीचं ओझं त्यामागचं एक मोठं कारण होतं.

पाणीपट्टा
मी हाउसकीपिंगचा सुपरवायझर आहे, कंत्राटदाराकडे. तुम्ही सगळे ग्रेड, बँड बोलताय, माझी माणसं त्या कागदावरच नाहीत. ऑपरेशन थिएटर धुणारा माणूस त्याच बिल्डिंगमध्ये रोज असतो, कोणत्या खोलीत कोणतं जंतुनाशक किती वेळ ठेवायचं त्याला पाठ आहे, ते चुकलं तर इन्फेक्शन पसरतं. पण तो हॉस्पिटलचा नाही. पूर्वी हेच काम करणारे कायम होते, त्यांना हॉस्पिटलची वाढ लागायची, आता दर दोन-तीन वर्षांनी टेंडर निघतं आणि सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला जातं. कमी बोली कशातून येते? माझ्या माणसांच्या पगारातूनच. तो काम बदलत नाही, फक्त शर्टावरचं नाव बदलतं आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू.

आकडेमोड
पाणीपट्टा दादा, तुम्ही म्हणताय ते जर्मनीत मोजलं गेलंय. सफाई, कँटीन, सिक्युरिटी, मालवाहतूक ही कामं कंपनीने बाहेर दिली की तेच काम करणाऱ्या त्याच लोकांचे पगार पुढे १० ते १५ टक्के घसरतात, २०१७ चा अभ्यास आहे. कंपनीत असताना कंपनीच्या एकूण कमाईतला थोडा वाटा सगळ्यांना मिळत असतो, गेटच्या बाहेर काढलं की तो बंद.

सांजसावली
पाणीपट्टा दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी थांबले. माझ्या शीटमध्ये शेकडो नावं आहेत आणि तुमच्यातलं एकही नाही. तुम्ही सगळे माझ्याकडे महिन्याला एका बिलाची एक ओळ म्हणून येता, तेही लिनन आणि कचरा विल्हेवाटीच्या बिलांबरोबर. मी फरकावर धागा काढला आणि सगळ्यात मोठा फरक माझ्या पगारपत्रकात दिसतच नाही.

कोडकरी
मग सरळ सगळे पगार उघडे करा की. झाकलेलं आहे म्हणून चालतंय.

पगाररेषा
घाई नको. कॅलिफोर्निया विद्यापीठात यावर प्रयोग झालाय, सहकाऱ्यांचे पगार बघता येतात अशी वेबसाइट काही कर्मचाऱ्यांना दाखवली. जे आपल्या गटाच्या मध्याच्या खाली होते ते जास्त नाराज झाले आणि नवीन नोकरी शोधायच्या विचाराला लागले. वर होते त्यांना काहीच फरक पडला नाही. नुसता आकडा कळला आणि त्यामागचं कारण कळलं नाही की माणूस आणखी दुखावतो. आधी निकष उघडे व्हायला हवेत. आइसलँडने २०१८ च्या कायद्याने तेच केलं, २५ किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने आपली पगार ठरवायची पद्धत तपासून प्रमाणपत्र घ्यायचं, म्हणजे सिद्ध करायचं काम कंपनीकडे.

सांजसावली ताई, तुमच्या हातात आज काय आहे ते सांगतो. ग्रेड बदलायची लढाई लांबची आहे, फिटर काकांनी सांगितलेली सोळा वर्षं लक्षात आहेत. त्याआधी भत्ते बघा. कोणता भत्ता मूळ पगाराच्या टक्क्यात आहे आणि कोणता ठरावीक रकमेत, आणि ठरावीक रक्कम शेवटची कधी बदलली. टक्क्यातला आपोआप वाढतो, रकमेतला महागाईत विरघळतो.

सांजसावली
आज जेवणाच्या सुट्टीत पाहिलं. आकडे देत नाही, फक्त रचना सांगते. आयटीचा ऑन-कॉल भत्ता मूळ पगाराच्या टक्क्यात आहे. नर्सिंगचा नाइट भत्ता ठरावीक रकमेत आहे आणि मी इथे लागले त्याच्याही आधीपासून तोच आहे. लॅबच्या लोकांना रात्री बोलावलं तर भत्ताच नाही, बदली सुट्टी आहे आणि ती बहुतेकांची लॅप्स होते. इतकी वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोरून जातंय.

रात्रपाळी
आम्हाला वाटायचं सगळ्यांचाच असा असतो.

जुना_फिटर
हेच धरा. इथे कोणाचं काम मोठं, कोणाचं लहान हे सिद्ध करावंच लागत नाही. रात्र सगळ्यांची सारखीच मोठी असते. मागणी लिहिताना आयटीचा कमी करा असं चुकूनही लिहू नका, नाहीतर दोन डिपार्टमेंट आपसात भांडत बसतील आणि वरचे मोकळे. नर्सिंग, लॅब, आयटी तिघांच्या सह्या घ्या.

कोडकरी
आमच्यासारखे लोक सही देतील, विचारून बघा. माझ्या ऑफिसात कोणी असा कागद आणला असता तर मी दिली असती.

पगाररेषा
आणि वेळ बघून द्या. पुढच्या वर्षाचं बजेट फायनल झाल्यावर गेलात तर पुढच्या वर्षी बघू हेच ऐकाल. बजेटचे आकडे डिपार्टमेंटकडून मागवले जातात त्याच्या आधी नर्सिंग हेडच्या हातात कागद पाहिजे, आणि सोबत एका पानाचा तक्ता, भत्ता, कोणाला, टक्के की रक्कम, शेवटचा बदल कधी. कोणाचंही नाव नको, तुमची नोकरी त्यात अडकायला नको. तो तक्ता एचआरने अधिकृतपणे द्यावा अशी मागणी नर्सिंग हेडकडूनच जाऊ दे, म्हणजे माहिती तुमच्याकडून बाहेर गेली असं होणार नाही. टेंडरचं नूतनीकरण कधी आहे तेही विचारून घ्या, हाउसकीपिंगच्या माणसांचा किमान दर आणि रात्रीचा भत्ता टेंडरच्या अटींमध्येच घालता येतो, मग कोणीही बोली लावली तरी त्याखाली जाता येत नाही.

पाणीपट्टा
आमचं टेंडर याच वर्षअखेर आहे. अटी कोण लिहितं ते मी उद्या विचारून इथे टाकतो.